दीडशे पावलांची पट्टी

८ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

बाबांना शेवटचा निरोप द्यायला तुम्ही आला होतात. टोपी हातात घेऊन दाराशीच उभे राहिलात आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत निघूनही गेलात. ते पाणी आणणारी मी, तुमची पुतणी. त्याला आता चौदा महिने झाले. फोन केला असता, पण तुमच्याकडच्या पोस्टमास्तरांनी सांगितलं की तुम्हाला फोनवरचं काही ऐकू येत नाही. गाय हंबरली तर मात्र दोन टेकड्यांपलीकडून ऐकू येतं म्हणे. म्हणून पत्र लिहितेय.

सरळ मुद्द्यावर येते. बाबांच्या कपाटात जमिनीचे कागद सापडले. आजोबांनी खालचं कुरण आणि गोठे तुमच्या नावे केलेत आणि वरचं कुरण बाबांच्या. म्हणजे आता ते माझं आहे. मी ते पाहिलेलंही नाही. लहानपणी विचारलं की बाबा म्हणायचे, "वर काय आहे? दगड आणि वारा." एवढं बोलून विषय बदलायचे.

आता त्या दगडांनाच गिऱ्हाईक आलंय. खाणीची एक कंपनी वरचं कुरण घ्यायला तयार आहे. कायद्याने तुम्हाला आधी विचारावं लागतं. कायदा नसता तरी विचारलंच असतं, कारण तुम्ही इतकी वर्षं तिथे गुरं चारताय.

मला हे का हवंय तेही सांगते. मी इस्पितळात एक्स-रे काढते. आईच्या गुडघ्यांचे फोटो मीच काढले, आणि फोटोत जे दिसलं ते घरी येऊन तिला नीट सांगताही आलं नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. चौपन्न पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. आई सहा महिन्यांत चारदा खाली उतरली आहे. तळमजल्यावर एखादं घर झालं तर ती पुन्हा रस्ता बघेल.

तुमची हरकत नसेल तर दोन ओळी लिहा. असेल तर चार लिहा.

तुमची पुतणी

•

२ मार्च

पोरी,

तुझं पत्र दोन आठवडे खिशात होतं. वाचलं पहिल्याच दिवशी, पण उत्तर द्यायला हात मोकळे नव्हते. अकरा गायी एका पाठोपाठ एक व्यायल्या. एकीचं वासरू उलटं आलं. कोपरापर्यंत हात आत घालून पाय सरळ करावे लागले. दोघंही बरी आहेत. वासरू आत्ता माझ्या कोटाची बाही चघळतंय, तेव्हा कागदावर डाग दिसला तर तो त्याचा समज.

जमीन तुझी आहे. मालकिणीने काय करावं हे गुराख्याने सांगू नये. वहिनींच्या गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं. त्या इथे होत्या तेव्हा धावत टेकडी चढायच्या आणि मी मागे राहिलो की हसायच्या.

तू विचारलं नाहीस तरी वरच्या कुरणाबद्दल थोडं सांगतो. ते गवत कुणी पेरलेलं नाही. माझ्या पणजोबांनी इथे पहिली गाय आणली तेव्हा ते होतंच. त्याआधी कधीपासून होतं ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. खालचं कुरण सुकून पिवळं पडतं तेव्हा वरचं हिरवं असतं. का, तर त्याला पाणी कुठून मिळतं ते त्यालाच ठाऊक. उन्हाळ्याचे पन्नास दिवस माझी चौसष्ट गुरं त्याच्यावर जगतात. आमचे आबा, म्हणजे तुझे आजोबा, वर पोहोचले की बोलायचे थांबायचे. एरवी त्यांचं तोंड बंद करायला जेवण लागायचं. मी साठीला टेकलो, पण अजूनही वर गेलो की पहिली काही मिनिटं छातीत काहीतरी होतं. चढामुळे होत असेल म्हणशील. पण ते उतरतानाही होतं.

हरकत नाही. फक्त एक मागतो. साधी गाय घेताना-विकतानाही माणूस तिच्याभोवती एक फेरी मारतो. तू एकदा येऊन वर एक फेरी मार, आणि मग हवी तिथे सही कर.

काका

•

१७ मार्च

काका,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. धावत टेकडी चढायच्या त्या ओळीवर ती हसली, आणि मग म्हणाली, "भाऊजींची जुनी सवय. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं." तिच्या मते तुम्ही गोड बोलून दिवस काढताय. मी तुमची बाजू घेतली, पण खरं सांगायचं तर मलाही थोडं तसंच वाटलं. हरकत नाही असं लिहिता, आणि आधी या असंही लिहिता.

कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. चौपन्न पायऱ्या चढून आला आणि धापा टाकत म्हणाला की वरच्या मातीखाली फार चांगला दगड आहे. माती बाजूला काढायला त्यांना आठवडा पुरेल. मग सुरुंग लावतील. जूनअखेरपर्यंत त्यांना उत्तर हवंय. माणूस सभ्य होता, आईची चौकशीही केली.

मी रजा साठवून ठेवलीये ती आईच्या ऑपरेशनसाठी. फेरी मारायला ती मोडणं जिवावर येतं. म्हणून तुम्हीच स्पष्ट सांगा. वरचं कुरण गेलं तर तुमचं नेमकं काय जाईल? दिवसभर मी लोकांना विचारते, "कुठे दुखतंय, बोट ठेवून दाखवा." तसं बोट ठेवून सांगा.

आणि बाबांनी घर का सोडलं? आईला विचारलं की ती स्वयंपाकघरात निघून जाते.

पुतणी

•

५ एप्रिल

पोरी,

अक्षराकडे बघू नकोस. डाव्या हाताने लिहितोय. उजवा हात कुंपणाची तार ओढताना जरा अवघडलाय. दहा दिवस झाले. तसं विशेष काही नाही, फक्त टोपी घालायला हात वर जात नाही आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. खांद्यापुढे एक टेंगूळ आलंय. त्यावर गरम कापड ठेवतो.

बोट ठेवून सांगायचं तर, पन्नास दिवसांचा चारा जाईल. मग निम्मी गुरं काढावी लागतील. त्याचं काही एवढं नाही, माझंही वय झालं. पण वर माझं थोडं काम राहिलंय. पुष्कळ झालंय, थोडंच बाकी आहे. ते पुरं होईतो थांबलीस तर बरं होईल. काय काम ते विचारू नकोस, सांगण्यासारखं नाही.

दादाने घर का सोडलं ते दादाने सांगायचं होतं. त्याने नाही सांगितलं, तर मी सांगणारा कोण.

काका

•

१४ एप्रिल

काका,

गरम कापड ठेवणं ताबडतोब बंद करा.

हात वर जात नाही, कुशीवर झोपता येत नाही, खांद्यापुढे टेंगूळ. ही तारेची ओढ नाही. गळ्याखालचं हाड मोडलंय, आणि तार ओढून ते मोडत नाही. हातात काहीतरी जड घेऊन चढावर पडलं की मोडतं. असे फोटो मी आठवड्याला दोन काढते. दहा दिवस मोडक्या हाडाने चौसष्ट गुरं सांभाळलीत, आणि "विशेष काही नाही" लिहिता.

हात गळ्यात बांधून ठेवा. मी २१ तारखेच्या बसने येतेय. आई म्हणाली, "जा. ऑपरेशन कुठे पळून जात नाही." शेजारच्या काकू तिच्याकडे लक्ष देतील.

फेरी मारायला येत नाहीये, लक्षात ठेवा. हाड बघायला येतेय.

पुतणी

•

२० मे

काका,

परवा सुखरूप पोहोचले. तुम्ही बांधून दिलेलं लोणी बसमध्ये वितळलं आणि शेजारच्या बाईंच्या पिशवीत गेलं. त्यांनी फार मनावर घेतलं नाही.

तुमच्यासमोर जे बोलता आलं नाही ते आता लिहिते. पहिल्या सकाळी तुम्ही हात झोळीत घालून पुढे, मी मागे, आणि गुरं आपल्या आपण सगळ्यांच्या पुढे. चढ संपला आणि मी बोलता बोलता थांबले. काय बोलत होते तेही आठवेना. इतकं गवत मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या कमरेपर्यंत उंच, आणि नजर पोहोचेल तिथवर. वारा त्यावरून जायचा तेव्हा सगळी टेकडी एकदम हलायची. बाबा ज्याला दगड आणि वारा म्हणायचे ते हे.

आणि मग तुम्ही मला ओढ्याच्या कडेला खाली उतरवलंत, जिथे पाण्याने जमीन उभी कापली आहे. वरती बोटभर रुंद पाती आणि खाली मुळं, माझ्या डोक्याहूनही लांब, खडकाच्या फटीत शिरलेली. हात लावला तर ओली होती. वर सगळं तापलं होतं. मी रोज माणसांच्या आत बघते, त्याचं आता काही वाटत नाही. जमिनीच्या आत पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही म्हणालात, "वर दिसतं ते निम्मंही नाही." मला उगाच तुमच्या पाया पडावंसं वाटलं, पण तुम्ही तोवर एका कालवडीला शिव्या द्यायला निघून गेला होतात.

मग आपलं रोजचं काम. दाट गवतातून मुळं-मातीसकट एक गड्डा कापायचा, पंजाएवढा. एका जागेवरून एकच, आणि त्या खड्ड्यात बी टाकून यायचं. तो गड्डा टोपलीत घालून, कुरणात जिथे गवतच नाही त्या उघड्या जागेपर्यंत न्यायचा, आधीच्यापासून एक पाऊल सोडून लावायचा, झऱ्याचं किटलीभर पाणी घालायचं. सकाळी एक, संध्याकाळी एक. जास्त नाही, नाहीतर चांगल्या गवताला जखम होते. "अगं, अंडं ठेवल्यासारखं ठेव," तुम्ही ओरडायचात. असलाच गड्डा घेऊन तुम्ही पडला होतात, एवढं मी ओळखलं. पण ही जागा उघडी कशी पडली म्हणून विचारलं, तर म्हणालात, "गुरांच्या पायांनी." आणि मी शहाणी, विश्वास ठेवला.

काल आई आणि मी धुतलेल्या चादरींच्या घड्या करत होतो. मी तिला गड्ड्यांचं सांगत होते. तिने विचारलं, "ती जागा किती रुंद आहे?" मी म्हटलं, "वीस पावलं." तिच्या हातातून चादरीचं टोक सुटलं. म्हणाली, "लांबी दीडशे."

मी म्हटलं, "नाही, फार तर बारा."

"दीडशे होती," आई म्हणाली. "मी मोजली होती."

मग ती पलंगावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. आजोबा पाय मोडून खाटेवर पडले होते, ते वर येऊ शकत नव्हते, आणि तेव्हा बाबांनी वरच्या कुरणात नांगर घातला. दीडशे पावलं लांब, वीस पावलं रुंद. पहिल्या वर्षी पीक इतकं आलं की ठेवायला जागा पुरेना. दुसऱ्या वर्षी वारा आला आणि सगळी माती उचलून घेऊन गेला. खाली उरला पिवळा मुरूम. त्यावर काही उगवेना. आजोबा काठी टेकत वर आले, त्यांनी पाहिलं आणि टोपी काढली. त्याच हिवाळ्यात बाबा आईला घेऊन शहरात आले.

आणि आई म्हणाली, "नांगर घाला असं मी म्हटलं होतं. आयुष्यभर गुरांच्या शेपटीमागे फिरणार का, असं म्हटलं होतं. ते कुणाला बोलले नाहीत. मलाही कधी टोचून बोलले नाहीत." खाई त्याला खवखवे म्हणतात. चौतीस वर्षं तुमच्या घराचं नाव निघालं की ती स्वयंपाकघरात का जायची ते आता कळलं.

काका, मी एकशे अडतीस पावलं रोज चालले. कुठे जोड दिसला नाही. मी जिला कुरण समजत होते ती तुमच्या हाताने लावलेली जागा होती. किती गड्डे लागले असतील याचा विचार करायला बसले आणि थांबले. डोकं चालेना.

तुम्ही मला खोटं का सांगितलंत? आणि बाबांना का नाही कळवलंत? ते चौतीस वर्षं मान खाली घालून जगले. तुमचा मला फार राग आलाय, आणि तुमच्याएवढा मोठा माणूस मी पाहिलेला नाही. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते विचारू नका.

सही अजून केलेली नाही. करणार नाही असंही म्हणत नाही. आई काल दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरली आणि तिथेच पायरीवर बसून राहिली.

पुतणी

•

६ जून

पोरी,

राग आला ते बरं झालं. रागावणारं माणूस आपलं असतं.

वहिनी म्हणतात चूक त्यांची. दादा म्हणाला त्याची. आता माझं ऐक. नांगर दादाने धरला होता, पण बैल मी हाकले. चोवीस वर्षांचा होतो, मला ती गंमत वाटली होती. गवत उलटं पडताना करकर आवाज येत होता, मुळं तुटल्याचा. बैल दोनदा थांबले. मी त्यांना मारून पुढे काढलं. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. बाकीचं ऐकू येईनासं झालं तरी तो गेला नाही.

आबांनी टोपी काढली हे खरं. पण नंतर खाली आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कुणी केलं?" दादा म्हणाला, "मी." मी शेजारीच उभा होतो. मूग गिळून उभा राहिलो. आबा म्हणाले, "याला आता शंभर वर्षं लागतील." मग ते आत गेले. दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते काही खरं नाही.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिला गड्डा लावला. तो मेला. दुसराही मेला. पहिल्या तीन वर्षांत सात जगले. मग कळलं की ओल असेल तेव्हाच, नाहीतर झऱ्याचं पाणी घालूनच लावायचा, उताराच्या वरच्या बाजूने सुरुवात करायची, आणि वाऱ्याच्या अंगाला दगडांची ओळ घालायची. हे कुणी शिकवलं नाही, मेलेल्या गड्ड्यांनी शिकवलं. तरी निम्मे मरतातच. आबांनी मरायच्या आदल्या वर्षी ते पाहिलं. तेव्हा वीसेक पावलं भरली होती. त्यांनी गुडघ्यावर बसून त्यातली एक पात उपटायला पाहिली. उपटली गेली नाही. म्हणाले, "धरलंय." आणि मग सगळ्यांना सांगून वरचं कुरण दादाच्या नावे केलं. मला वाटलं, त्यांना माहीत होतं बैल कुणी हाकले ते. मला त्यांनी काम दिलं होतं आणि दादाला माफी.

दादाला कळवलं का नाही, त्याचं उत्तर देताना मला लाज वाटते. मनात धरून बसलो होतो की सगळं भरून झालं की बोलवायचं. जोड दिसता कामा नये. तो वर येईल, पट्टी शोधेल आणि त्याला सापडणार नाही. तेवढ्यासाठी थांबलो. वीस पावलं झाली तेव्हा कळवता आलं असतं. शंभर झाली तेव्हाही. दरवर्षी वाटायचं, अजून थोडं. गवत थांबतं, म्हणून मला वाटलं माणूसही थांबतो. मग तुमच्याकडून दादा गेल्याची तार आली. दाराशी उभा राहिलो ते आत यायला तोंड नव्हतं म्हणून.

खोटं बोललो ते एवढ्यासाठी, की बापाची चूक लेकीने पाहू नये. इतकी वर्षं झाकत आणली होती, तुझ्यासमोर कशाला उघडी करू.

आता नीट ऐक. सही करायची असेल तर कर. माझ्या गड्ड्यांच्या ओझ्याखाली वहिनींना तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवू नकोस. त्यांना म्हणावं, तुम्ही नुसत्या बोललात, बैल मी हाकले.

हाड जुळलंय. टोपी घालता येते.

काका

•

२१ जून

काका,

तुमचं पत्र आईने स्वतः वाचलं, चष्मा पुसून दोनदा. मग म्हणाली, "त्या माणसाला नाही म्हणून कळव." मी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. ती म्हणाली, "गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघते. कुरण मोडायला मीच सांगितलं होतं ना? पुन्हा तेच माझ्या नावावर नको."

मलाही तेच म्हणायचं होतं. मी फक्त तिच्या तोंडाकडे बघत होते.

तर कंपनीच्या माणसाला नाही सांगितलं. तो पुन्हा चौपन्न पायऱ्या चढून आला होता. म्हणाला, तिथे नुसतं गवत आहे, बाई. मी म्हटलं, हो, नुसतं गवत आहे. त्याला पाणी दिलं आणि पाठवला.

घराचं असं झालं, की आईने तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना निरोप पाठवला. त्यांना शिवायला उजेड हवा होता, आम्हाला पायऱ्या नको होत्या. सहा वर्षं आई विचारायला लाजत होती. पुढच्या आठवड्यात घरं बदलतोय. खालची खोली अंधारी आहे आणि खिडकी कचऱ्याच्या डब्यांवर उघडते. दुपारीही दिवा लावावा लागेल. आई म्हणते, दिव्याला पायऱ्या नसतात.

आता जे मी कुणाला सांगितलं नाही ते सांगते. तुमचं पत्र वाचेपर्यंत त्यात सांगण्यासारखं काही आहे हे मलाच माहीत नव्हतं.

बाबांचे शेवटचे चार दिवस मी त्यांच्या उशाशी होते. ते फारसं बोलत नव्हते. ताप चढला की फक्त एक विचारायचे. "गवत आलं का?" आम्ही म्हणायचो, भ्रम झालाय. सहाव्या मजल्यावरचा वॉर्ड, खिडकीतून समोरची भिंत दिसते, तिथे कुठलं आलंय गवत. नर्सबाई म्हणाल्या, हो ला हो करा, त्यांना बरं वाटेल. पण मला खोटं बोलवेना. मी म्हणायचे, "बाबा, झोपा आता." ते पुन्हा विचारायचे. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं, इतक्या जोरात की वळ उठले, आणि विचारलं, "गवत आलं का?" मी म्हटलं, "आलं, बाबा. सगळं आलं."

त्यांनी हात सोडला. तोंडावर असं काही आलं की मी ते पूर्वी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. मग झोपले, ते पुन्हा उठले नाहीत.

दीड वर्ष मला वाटत होतं की मी मरणाऱ्या बापाशी खोटं बोलले. काका, तुम्ही थांबलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. निरोप पोहोचला होता. कसला निरोप आहे हे न कळता मीच तो दिला होता.

तुमची

•

३ जुलै

पोरी,

तुझं पत्र घेऊन वर गेलो. खाली वाचवेना. वर मोठ्याने वाचलं, ऐकायला गुरं होती. दादा विचारत होता हे मला माहीत नव्हतं. म्हणजे आम्ही दोघं चौतीस वर्षं एकाच गवताकडे बघत होतो, तो तिथून आणि मी इथून. वाचून झाल्यावर रडलो. ते लिहायला मला लाज वाटत नाही.

वहिनींना सांग, अंधारी खोली असली तरी दार रस्त्यावर उघडतं, आणि रस्त्यावर बस थांबते, आणि ती बस इथवर येते. वर यायला बैलगाडी लावीन. त्यांना चालावं लागणार नाही.

आता तुझं. तुझं बोलणं खरं निघालं म्हणून तू निश्चिंत झालीस, असं दिसतंय. पण मला ती पट्टी पावलापावलाने पाठ आहे. दादा गेला त्या दिवशी वर अठरा पावलं उघडी होती. तू त्याला सांगितलंस, सगळं आलं. आज बारा उघडी आहेत. बापाला दिलेला तुझा शब्द अजून बारा पावलांनी कमी आहे.

एकट्याने तीन वर्षं लागतील. माझ्या खांद्याने चार. दोघांनी किती लागतील ते करून बघू. फावड्याचा दांडा तुझ्या उंचीला कापून ठेवलाय. मातीत ओल आहे तोवर ये.

काका